ती सही माझी धरा

डॉक्टर घड्याळ बघत होता आणि मी त्याचा कागद हातात धरून उभी होते. तुम्ही आत, पडद्यामागं. तुमचं विव्हळणं बाहेर ऐकू येत होतं आणि ते तुमचं वाटत नव्हतं.

"अज्जी, बेग साइन माडी. टाइम इल्ल." लवकर सही करा म्हणत होता.

"ओदि हेळी," मी म्हटलं. वाचून सांग.

"सांगितलं ना, आतड्याला पीळ पडलाय. आत्ता उघडलं नाही तर हाताला लागणार नाहीत."

"ते तू तोंडानं सांगतोस. कागदावर काय आहे ते सांग."

त्यानं नर्सकडं बघितलं, नर्सनं माझ्याकडं. असली म्हातारी त्यांच्याकडं रोज येत नसावी.

अशा वेळीही अडून बसलीस, असं म्हणणार असाल तर म्हणू नका. न वाचता सही करायची नाही हे मला तुम्हीच शिकवलंत. मी चौथी शिकलेली, तीही निपाणीकडच्या मराठी शाळेत. इंग्रजी मला बसच्या नंबरापुरतं. तुम्ही म्हणायचा, "कळत नसेल तर हात मागं घ्यायचा, मग समोर कलेक्टर का असेना." मी हात मागं घेतला होता. समोर तुम्हीच होता, एवढंच.

वैजूला फोन केला होता. ती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून निघाली आणि पुलावर अडकली. आधी पोचला तिचा नवरा. सेल्वम लिफ्टच्या दुरुस्तीची कामं बघतो, त्या दिवशी हॉस्पिटलजवळच्याच एका इमारतीत होता. तसाच आला, हाताला काळं ग्रीस. आपली एकुलती एक मुलगी इतकी वर्षं त्याच्या घरात नांदते, आणि तो आपल्या घराचा उंबरा चढलेला नव्हता.

त्यानं हात पँटला पुसले, कागद घेतला आणि एकेक ओळ मला कन्नडात सांगितली. टेबलावरच जीव जाऊ शकतो, ही ओळही गाळली नाही. दुसऱ्या कुणी गाळली असती. सगळं ऐकून मी पेनासाठी हात पुढं केला. त्यानं पेन दिलं नाही.

"अम्मा, काही कमीजास्त झालं तर सही करणाऱ्याला पुढं झोप लागत नाही. तुम्हाला त्याच घरात राहायचंय. माझी असू दे."

"तुला नावं ठेवतील."

"आत्ता काय ठेवत नाहीत?"

आणि त्यानं सही केली. तुम्हाला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला देव आठवला नाही. तुमचा ऑफिसातला शब्द आठवला. रॅटिफाय.

तुमचा जन्म त्या शब्दांत गेला. कारखान्याच्या ऑफिसात मीटिंगचे कागद तयार करायचे आणि घरी येऊन, मी भाजी निवडत असताना, मला ऐकवायचे. अप्रूव्ह वेगळं, सँक्शन वेगळं, रॅटिफाय वेगळं. मी म्हणायची, शेवटी सगळ्याचा अर्थ 'हो' असाच ना? तुम्हाला राग यायचा.

"अगं, अप्रूव्ह आधी असतं. काम करण्याआधी विचारलं, साहेब हो म्हणाले. रॅटिफाय नंतरचं. काम होऊन गेलं, आणि ज्याला अधिकार नाही अशानं केलं. आता साहेबानं काय करायचं?"

"शिव्या द्यायच्या."

"शिव्या देऊन झाल्यावर?"

"बरं केलंस म्हणायचं."

"ते कौतुक झालं. समज, आपण गावाला गेलोय. माडीवरची पाण्याची टाकी फुटली आणि शेजारच्यानं न विचारता नवी बसवून घेतली. मी येऊन म्हटलं, ही टाकी माझ्याच सांगण्यावरून बसली असं धरा. हे रॅटिफाय. आणि आजपासून नव्हे हं. बसवली त्या दिवसापासून."

"आणि टाकी गळली तर?"

तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "शाब्बास! गळली तर शेजाऱ्याला बोलायचं नाही. माझी टाकी, माझी गळती. त्याचा दोषसुद्धा आपल्या अंगावर घ्यायचा असतो. म्हणून साहेब लोक कचरतात. आणि अर्धं चालत नाही. टाकी घेतो पण नळ घेत नाही, असं नाही. घ्यायचं तर सगळं."

मराठीत त्याला काय म्हणायचं यावर आपलं भांडण झालं. तुम्ही म्हणालात शिक्कामोर्तब. मी म्हटलं, आमच्या गावात पंगतीला घेतलं म्हणतात. आमच्याकडं एका मुलीनं परस्पर लग्न केलं होतं. कुणी दारात उभं करत नव्हतं. मग एका जत्रेला तिच्या आजीनं त्या दोघांना पंगतीत बसवलं, पान मांडलं आणि वाढलं. त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

"ठराव कुणी मांडला?" तुम्ही विचारलंत.

"ठराव नव्हता. वाढणारी होती."

तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. वाढणारी बाई काय रॅटिफाय करणार म्हणे! वैजू तेव्हा शाळेत होती. हसायला काही लागत नव्हतं.

हे लिहितानाही मी कितीदा तरी उठले. एका जागी बसवत नाही. कुकर लावला की नाही ते बघायला जाते, तो लावलेला असतो. गॅलरीत जाते, कोपऱ्यावरच्या दर्शिनीकडं, त्या कॉफीच्या हॉटेलाकडं, बघते, आत येते. अक्का, तुमच्या बहीणबाई, म्हणतात जप कर. जप करायला एका जागी बसावं लागतं.

वैजूनं लग्न केलं ते रजिस्ट्रारकडं, आणि मग येऊन सांगितलं. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. केला असता तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस दमतो. तुम्ही म्हणालात, "मला विचारलं नाही." एवढंच. तो तमिळ आहे म्हणून नव्हे, जात म्हणून नव्हे, शिक्षण कमी म्हणून नव्हे. मी खोदून विचारलं तर म्हणालात, "माणूस कसा आहे हा प्रश्नच नाही. प्रकरण माझ्यासमोर आलंच नाही." मी म्हटलं, आता आलंय ना. तर म्हणालात, "आलं नाही, कळलं."

तुम्ही तिच्या विचारण्याची वाट बघत बसलात. वैजू तुमच्या बोलण्याची वाट बघत बसली. दोघं एकाच हाडाचे. आणि वाट बघण्याची शिक्षा झाली त्या तिसऱ्याला.

रविवारी तो तिला कोपऱ्यावर सोडायचा. ती वर यायची, जेवायची, तुमच्याशी राजकारणावर बोलायची. तो खाली दर्शिनीत कॉफी घेऊन थांबायचा. तुम्ही गॅलरीतून बघायचा आणि म्हणायचा, "हा उभाच का राहतो? बसायला काय होतं?" दर्शिनीत खुर्च्या नसतात. चामराजपेटेत जन्म काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मला सांगू नका.

एकदा त्यानं तुम्हाला रस्त्यात नमस्कार केला, "सार, चेन्नागिद्दीरा?" बरे आहात ना, म्हणून. तुम्ही घरी येऊन चिडलात. "सार काय म्हणतो? माझ्या हाताखाली होता का?"

"मग काय म्हणावं त्यानं?"

सासऱ्याला मामा म्हणतात. तो शब्द तुम्ही त्याला दिला नव्हता.

अधिक महिना आला की मी विचारायची. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, अनारशांचं वाण जावयाच्या हातात देतात. जावई घरचा झाला तो तिथं दिसतो. मी विचारायची, "बोलावू दोघांना?" तुम्ही म्हणायचा, "लेकीला बोलाव." अधिक महिने आले आणि गेले. अनारसे मी दरवेळी केले. वैजू डब्यातून घेऊन जायची, आणि खाली दर्शिनीपाशी उभ्या-उभ्या तो ते खायचा. मी वरून बघितलंय.

यंदा संक्रांतीनंतर मी तुम्हाला एकदा धरलं. म्हटलं, "मुलगी घेता, जावई घेत नाही. टाकी घेतली, नळ नको. हे तुमच्या कुठल्या नियमात बसतं?" तुम्ही पेपर तोंडासमोर धरलात. बराच वेळ पान उलटलं नाहीत. ते उत्तर आता राहिलंच.

ऑपरेशन झालं. तुम्ही शुद्धीवर आलात. नळ्या लावलेल्या, ओठ सुकलेले, आणि पहिलं काय विचारलंत? पाणी नव्हे.

"सही कुणी केली?"

"जावयानं."

"कुणाच्या?"

"तुमच्या. मी एकटीनं काय पोरगी जन्माला घातली?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "अधिकार नव्हता त्याला."

"नव्हता. तुम्ही जिवंत आहात."

"वाचली का?"

"शेवटच्या ओळीपर्यंत. डॉक्टर घाई करत होता तरी वाचली. मला समजावून सांगितली. मराल असंही सांगितलं."

"हं," तुम्ही म्हणालात.

ह्या 'हं'नं मला जाळलंय. तुमचे 'हं' मला सगळे पाठ होते. चहा बरा झाला की एक, बातमी खोटी वाटली की एक, मी बोलत असताना ऐकत नसलात की एक. हा त्यातला नव्हता. मग तुम्ही विचारलंत, "अधिक महिना कधी लागतोय?"

"पुढच्या महिन्यात."

तुम्ही आणखी काही बोलणार होता. तोंड उघडलं होतंत. तेवढ्यात नर्स आली, नळी बदलायची म्हणून मला बाहेर काढलं. परत गेले तेव्हा तुम्हाला ताप भरला होता. त्यानंतर तुम्ही बोललात ते सगळं तापातलं. लहानपणचं कुणाचं तरी नाव घेत होता, ते माझ्या ओळखीचं नव्हतं. जंतू पसरले म्हणाले. आणि मग गेलात.

तुम्हाला उचलताना सेल्वमला कुणी ये म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. तो मागच्या बाजूला लागला. स्मशानातून परत आल्यावर सगळे वर आले, तो खालीच थांबला.

तुमच्या बहिणीचं तोंड तुम्हाला माहीतच आहे. अक्का गल्लीच्या त्या टोकाला राहतात, पण त्यांचं बोलणं तुमच्या चितेच्या आधी घरोघरी पोचलं. "परक्यानं सही केली. घरच्याची असती तर हात चालला असता देवाचा." ज्या बायका भेटायला आल्या त्या हेच चघळत गेल्या. वैजूच्या कानावर आलं. तेराव्याच्या स्वयंपाकात तिच्या हातून परात पडली, आणि ती परात उचलायला वाकलीच नाही, तशीच उभी राहिली. तो तर माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. सही करणाऱ्याला झोप लागत नाही, असं म्हणाला होता. त्याचे डोळे बघितले की कळत होतं.

एक दिवस वैजू म्हणाली, "आई, बाबांनी महिना विचारला ना? म्हणजे त्यांना बोलवायचं होतं ना ह्याला?"

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. कधीतरी शाळेतून बक्षीस घेऊन यायची तेव्हा तुमच्यासमोर असाच करून उभी राहायची.

मी म्हटलं, "महिना विचारला. बाकी काही बोलले नाहीत."

"पण त्याचा अर्थ..."

"अर्थ मला ठाऊक नाही. जे म्हणाले ते सांगितलं."

अक्कांनी मला आत ओढलं. "अगं बाई, सांगून टाक मान्य केलं म्हणून. पोरीच्या जिवाला बरं वाटेल. मेलेला माणूस काय नाही म्हणायला येतोय?"

"नाही म्हणायला येत नाही म्हणूनच त्याच्या तोंडी घालायचं नाही."

"मग काय करणार?"

"अधिक महिन्यात जेवायला बोलावणार. धोंडे करणार."

"सुतकाच्या वर्षात? वर्ष व्हायच्या आत सण? तुझं सगळंच उलटं. जे करायला हवं ते करत नाहीस, आणि जे करू नये ते..."

"पुढचा अधिक महिना यायला तीन वर्षं आहेत अक्का. तुम्ही आहात का तोवर? मी आहे का?"

त्या तरातरा निघून गेल्या. मी रात्रभर नव्हे, चांगले काही दिवस विचार केला. तुमच्याच नियमांनी केला. पहिला प्रश्न, अधिकार कुणाचा? साहेब गेले. आता ह्या घरात वर कोण? मीच. तुम्ही मला कधीही 'तुला काय कळतंय' म्हणाला नाहीत. हे मी आज सांगते, तुम्ही असताना सांगितलं नाही. चौथी शिकलेल्या बायकोसमोर बसून, ती शेंगा सोलत असताना, तुम्ही एकेका शब्दाचा कीस पाडायचा, जसं काही ती उद्या मीटिंगला बसणार आहे. मला कंटाळा यायचा. पण कंटाळा येता येता ते डोक्यात बसलं. दुसरा प्रश्न, सगळं माहीत आहे का? सही होताना मी तिथं उभी होते. माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तिसरं, दोष. तो अंगावर घ्यायची तयारी आहे का? ह्याच्यावर मी जास्त अडले. तुम्ही त्या सहीनं जगलात चार दिवस आणि त्या सहीनंच गेलात, दोन्ही खरं आहे. न कापता किती राहिला असता, हे कुणी सांगत नाही. मी डॉक्टरला विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. मग म्हटलं, हे ओझं कुणीतरी उचललंच पाहिजे, आणि ज्याला तुम्ही खुर्ची दिली नाहीत त्यानं एकट्यानं ते का वाहावं?

काल बोलावलं. तो जिना चढून आला आणि दारात थांबला, चपला काढून, हातात फणसाच्या गऱ्यांची पिशवी. "आत ये," मी म्हटलं. "कुठं बसू अम्मा?" मी तुमची जागा दाखवली, भिंतीकडची. तो घुटमळला. मी म्हटलं, "बस. ती रिकामी आहे." वैजूला त्याच्या शेजारी बसवलं.

धोंडे वाढले, वर तूप घातलं. त्यानं एक उचलून बघितला. "इदेनु?"

"धोंडा," वैजू म्हणाली. "धोंडा म्हणजे कल्लु. दगड."

"सासुरवाडीला पहिल्यांदा आलो तर दगड?" तो म्हणाला, आणि वैजू हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तेवढ्यात अक्का आल्या. बोलावलं नव्हतं, पण तुपाचा वास गल्लीच्या त्या टोकाला जातो. दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या. "माझा भाऊ जाऊन महिना नाही झाला, आणि त्याच्या जागेवर..."

सेल्वम उठायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डाव हातातच होता, तुपाचा थेंब त्याच्या शर्टावर पडला.

"अक्का, ऐका. ती सही माझी धरा. हात त्याचा होता. पण ती माझ्याच सांगण्यावरून झाली असं धरा, आणि आजपासून नव्हे, झाली त्या घटकेपासून. तुमचा भाऊ गेला तो माझ्या सहीनं गेला. उद्यापासून गल्लीत काय बोलायचं ते माझ्या नावानं बोला."

अक्कांचे कमरेवरचे हात खाली आले. हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाल्या, "आणि ते लग्न?"

"तेही. अर्धं चालत नाही."

"तुला कुणी अधिकार दिला?"

"वाढते मी," मी म्हटलं.

सेल्वम मान खाली घालून बसला होता. एवढा मोठा माणूस, पण बाहीनं डोळे पुसत होता. वैजूचं तर सुरूच झालं. मी म्हटलं, "रडायचं असेल तर जेवून रड, पुरण खारट होईल." मग त्याच्या हातात अनारशांचं ताट दिलं. ते मोजून द्यायचे असतात. मी मोजले नाहीत, होते तेवढे दिले. अक्का दारातच बसल्या. मी जेवणार नाही, म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, स्वल्प दे. मी स्वल्प दिलं. तो हात धुवायला उठला आणि जाताना मला विचारून गेला, "सारांचा फोटो कुठं लावणार? खिळा मी ठोकतो." मी म्हटलं, "सार नाही. मामा म्हण."

तो शब्द मी दिला. तुम्ही दिला असता की नाही ते मला माहीत नाही. तुमच्या त्या 'हं'चा अर्थ मी लावलेला नाही आणि लावणारही नाही. लावला तर माझ्या सोयीचा लागेल. वैजूला मी आजही तेच सांगते, महिना विचारला, बाकी काही बोलले नाहीत. तुमचं तुमच्यापाशी राहिलं. मी केलं ते माझं आहे. त्याचा राग आला असेल तर मी येईन तेव्हा भांडू, माझी तयारी आहे. टाकी आणि नळाचं उत्तर तेवढं तयार ठेवा.

आज फोटोचा खिळा ठोकून झाला. जरा तिरका बसलाय, तुम्हाला चालला नसता. अक्का सकाळी येऊन गेल्या, वैजू आणि सेल्वम संध्याकाळी येतात. तुम्ही गेलात. आम्ही चौघं आहोत.